काट्यावरच्या शिक्क्याची वाटचाल

किराणा दुकानाचा काउंटर, मंडईतला गाळा, सराफाची काचपेटी, पेट्रोल पंप, साखर कारखान्याचा वजनकाटा. जिथे मोजून देणे-घेणे चालते तिथे मोजणाऱ्या साधनावर एक सरकारी खूण असते. इलेक्ट्रॉनिक काट्याच्या खालच्या अंगाला स्क्रूच्या भोकातून ओवलेली बारीक तार आणि तिच्या टोकाशी दाबून चपटी केलेली शिशाची गोळी दिसते. गोळीवर निरीक्षकाचा ओळखक्रमांक, वर्षाचे शेवटचे दोन आकडे आणि ए, बी, सी, डी यांपैकी तिमाहीचे एक अक्षर असते. भिंतीवर, बहुधा देवाच्या तसबिरीजवळ, पडताळणी प्रमाणपत्र लावलेले असते. गिऱ्हाइकाची नजर भावाच्या पाटीवर आणि काट्याच्या आकड्यांवर असते, त्यामुळे या खुणेकडे सहसा कोणी पाहत नाही. पण आकड्यांवर विश्वास ठेवता येतो तो या खुणेमुळे. ती उमटवण्याचे काम महाराष्ट्र शासनाच्या वैध मापन शास्त्र यंत्रणेचे आहे. जुन्या व्यापाऱ्यांच्या तोंडी आजही तिचे नाव 'वजनमापे खाते' असेच आहे.

या कामाची मुळे आजच्या कायद्यांहून बरीच जुनी आहेत. मराठी राज्याच्या महसुली कागदांत 'बटछपाई' नावाची पट्टी आढळते. बाजारातली वजने-मापे वर्षाकाठी तपासून त्यांवर छाप मारायचा आणि त्याबद्दल दुकानदाराकडून ठरीव रक्कम घ्यायची, अशी ती पद्धत होती. पेशवाईतल्या पुण्यात बाजारावरची देखरेख कोतवालाकडे असे आणि वजन-मापांची तपासणी हा त्या देखरेखीचाच भाग होता. म्हणजे छाप नसलेल्या मापाने विकू नये, हा दंडक इंग्रजी अमलाने इथे आणलेला नाही. तो इथल्या बाजारपेठेच्या अंगवळणी पडलेला होता. उणीव होती ती सगळीकडे चालेल अशा एका मापाची.

ही उणीव किती मोठी होती, हे मुंबई इलाख्याची जुनी गॅझेटियरे चाळली की कळते. जिल्ह्याजिल्ह्याच्या खंडात तिथल्या वजन-मापांचे वेगळे टिपण द्यावे लागले आहे. मुंबई शहराचा मण २८ पौंडांचा, म्हणजे आजच्या हिशेबाने १२.७ किलोग्रॅमचा होता. रेल्वेने आणि सरकारने मानलेला मण ८२ पौंडांहून थोडा जास्त, म्हणजे ३७.३ किलोग्रॅमचा होता. दोन्ही मण एकाच शहरात एकाच वेळी चालत. घाटावर धान्य पायलीने, शेराने, मापट्या-चिपट्याने मोजत आणि पायलीत किती शेर हे गाव बदलले की बदले. धान्य शिगेने भरायचे की सपाट, यावरही व्यवहार फिरे. शेतकऱ्याकडून घेताना एक माप आणि गिऱ्हाइकाला देताना दुसरे, ही तक्रार त्या काळच्या बाजाराइतकीच जुनी आहे. फसवणूक सिद्ध करायची तरी कशाशी ताडून करणार, असा प्रश्न होता, कारण खरे माप कोणते याचेच उत्तर ठरलेले नव्हते.

वरिष्ठ पातळीवर प्रयत्न झाले नाहीत असे नाही. १८३३ मध्ये १८० ग्रेनचा तोळा पायाभूत मानण्यात आला. १८७१ चा वजन आणि धारणमापांचा कायदा संमत झाला, पण तो कागदावरच राहिला. १९१३ मध्ये सिल्बररॅड यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि तिने १८० ग्रेनच्या तोळ्यावर उभी असलेली पद्धत देशभर न्यावी असे सुचवले. प्रत्यक्ष अंमलबजावणी प्रांतांवर सोपवली गेली आणि वर्षे जात राहिली.

मुंबई प्रांतापुरता हा खोळंबा संपला तो १९३२ च्या मुंबई वजने व मापे अधिनियमाने. आजच्या यंत्रणेचे खरे मूळ या कायद्यात आहे. त्याने ८० तोळ्यांचा शेर प्रमाण ठरवला, प्रमाण वजने सरकारी ताब्यात ठेवण्याची सोय केली, तपासणीसाठी निरीक्षक नेमण्याची तरतूद केली आणि मुद्रांकनाविना, म्हणजे सरकारी शिक्क्याविना, वजन वापरणे हा गुन्हा ठरवला. विदर्भ तेव्हा मध्य प्रांत-वऱ्हाडात होता आणि मराठवाडा निजामाच्या राज्यात, त्यामुळे तिथली घडी निराळी होती. १९३९ मध्ये केंद्रीय विधिमंडळाने प्रमाण वजनांचा कायदा करून तोळा, शेर आणि मण यांच्या व्याख्या देशभरासाठी बांधून दिल्या. वजनांचा प्रश्न तत्त्वतः सुटला. धारणमापांचा, म्हणजे पायली-मापट्यांचा, प्रश्न मात्र तसाच राहिला.

स्वातंत्र्यानंतरचा टप्पा या वाटचालीतला सर्वांत अवघड आणि सर्वांत अभिमानाचा आहे. दशमान पद्धत देशात आणावी यासाठी फणींद्रनाथ सेठ आणि त्यांची इंडियन डेसिमल सोसायटी स्वातंत्र्यापूर्वीपासून धडपडत होती. १९४७ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय मानक संस्थेत लालचंद वर्मन यांनी हा विषय तांत्रिक बाजूने लावून धरला. १९५५ मध्ये नाणेकायद्यात बदल झाला आणि १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे शंभर नये पैसे झाले. डिसेंबर १९५६ मध्ये संसदेने प्रमाण वजने व मापे अधिनियम संमत केला आणि १ ऑक्टोबर १९५८ पासून किलोग्रॅम बाजारात उतरला. केंद्राने एककांचा कायदा केला होता, दुकानापर्यंत तो नेण्याची जबाबदारी राज्यांची होती. त्यासाठी त्या वेळच्या द्वैभाषिक मुंबई राज्याने १९५८ मध्येच मुंबई वजने व मापे (अंमलबजावणी) अधिनियम केला. १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य झाले तेव्हा विदर्भ, मराठवाडा आणि पश्चिम महाराष्ट्र अशा तीन घड्यांतून आलेले बाजार या एकाच कायद्याखाली आणण्याचे काम नव्या राज्याच्या वजनमापे खात्याच्या अंगावर आले.

१९५८ ते १९६२ या चार-पाच वर्षांचा विचार केला तर निरीक्षकांच्या कामाची कल्पना येते. सुरुवात कापड, सिमेंट, लोखंड-पोलाद, ताग अशा मोठ्या उद्योगांत आणि निवडक बाजारपेठांत झाली. मग शहरे आणि मग खेडी. मधल्या काळात जुनी आणि नवी दोन्ही वजने कायदेशीर होती. म्हणजे दुकानदाराच्या काउंटरवर शेरही आणि किलोही, गल्ल्यात आणेही आणि नये पैसेही. शेराला आठ आणे भावाची डाळ किलोला किती, याचे उत्तर जवळपास चोपन्न नये पैसे असे येते, कारण ८० तोळ्यांचा शेर ९३३ ग्रॅमचा आहे. हे गणित दुकानदाराला जड होते आणि आठवड्याच्या बाजाराला आलेल्या बाईला त्याहून जड होते. पावशेर मागितले की २३३ ग्रॅम द्यायचे की २५०, भाव तोच ठेवून वजन कमी तर केले नाही ना, अशा शंकांनी बाजार भरलेला असे. रूपांतराची कोष्टके छापली गेली, दुकानांत टांगली गेली, शाळांतून मुलांना शिकवली गेली. घरोघरी आईबापांना नवा हिशेब समजावून सांगितला तो बहुधा या मुलांनीच. निरीक्षकाला एकाच फेरीत नव्या वजनांचे मुद्रांकन करायचे होते, जुनी वजने व्यवहारातून काढून टाकायची होती आणि वर लोकांची समजूतही घालायची होती. एप्रिल १९६२ पासून देशात अन्य सर्व पद्धती बंद झाल्या. जगात हा पालट कित्येक देशांना पिढ्यान्‌पिढ्या पुरला आहे. भारतात तो पाच-सहा वर्षांत पुरा झाला, यामागे गावोगावच्या बाजारात पेटी घेऊन फिरलेल्या निरीक्षकांचे श्रम आहेत. त्यांची नावे कुठल्या इतिहासात आलेली नाहीत.

या पालटात मुंबईचा एक वाटा स्वतंत्रपणे नोंदवला पाहिजे. फोर्टमधली टांकसाळ नाण्यांसाठी सर्वांना ठाऊक आहे. मेजर जॉन हॉकिन्स यांनी १८२४ ते १८२९ या काळात बांधलेली ही वास्तू. याच टांकसाळीत राज्यांसाठी लागणारी प्रमाण वजने आणि मापे घडवली जातात. निरीक्षक ज्या वजनाशी दुकानातले वजन ताडून पाहतो ते वजन इथल्या कारागिराच्या हातून गेलेले असते.

ताडून पाहण्याची ही साखळी समजून घेण्याजोगी आहे, कारण शिक्क्याचे मोल तिच्यावर उभे आहे. सर्वांत वर दिल्लीची राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा. तिची कोनशिला जानेवारी १९४७ मध्ये बसली आणि के. एस. कृष्णन तिचे पहिले संचालक झाले. आंतरराष्ट्रीय किलोग्रॅमची ५७ क्रमांकाची प्रत, प्लॅटिनम-इरिडियमचा मुठीत मावेल एवढा दंडगोल, तिथे जतन केली आहे. तिच्याशी निगडित संदर्भ मानके प्रादेशिक संदर्भ मानक प्रयोगशाळांत असतात. त्यांच्याशी राज्याची दुय्यम मानके ठरावीक मुदतीत ताडली जातात. निरीक्षकाच्या पेटीतली कार्यकारी मानके वर्षातून एकदा तरी दुय्यम मानकांशी ताडावी लागतात. आणि पेटीतल्या वजनाशी ताडले जाते ते वाण्याच्या दुकानातले वजन. वरच्या कड्याची मुदत टळली तर खालचा प्रत्येक शिक्का लंगडा होतो. म्हणून जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत प्रमाण वजने मखमलीच्या खाचांत ठेवलेली असतात, बोटाचा घाम लागू नये म्हणून चिमट्याने किंवा कापडाने उचलली जातात आणि त्यांचा तराजू काचेच्या कपाटात वाऱ्यापासून दूर ठेवलेला असतो.

दुकानातल्या लोखंडी वजनाची खूण पाहायची तर ते उलटे करावे लागते. वजन षटकोनी असते. वरच्या अंगाला उठावाच्या अक्षरांत किलोग्रॅमचा आकडा आणि घडवणाऱ्याचे चिन्ह असते. तळाला एक भोक आणि त्यात ओतलेले शिसे. शिक्का लोखंडावर मारत नाहीत, या मऊ शिशावर मारतात. वजन दोन वर्षांनी पुन्हा तपासायला आले आणि झिजून हलके झालेले आढळले तर याच भोकात शिसे भरून ते नेमके केले जाते आणि मग नवा शिक्का बसतो. एखादे जुने पाच किलोचे वजन हातात घेतले तर तळाच्या शिशावर शिक्क्यांची दाटी दिसते, जुने पुसट आणि नवे खोल. त्या वजनाचा सारा सेवाकाळ तिथे उमटलेला असतो. कापडवाल्याच्या मीटरपट्टीच्या टोकांवर, दूधवाल्याच्या लिटरच्या मापाच्या कडेवर, तराजूच्या दांडीवरही अशाच खुणा मिळतात.

१९७० च्या दशकात कामाचे क्षेत्र एकदम रुंदावले. वजनमापांच्या कायद्यांची फेरतपासणी करणाऱ्या मैत्रा समितीच्या शिफारशींवरून १९७६ चा प्रमाण वजने व मापे अधिनियम आला. त्याच वर्षी ४२ व्या घटनादुरुस्तीने मानके ठरवण्याखेरीजचा वजनमापांचा विषय राज्यसूचीतून समवर्ती सूचीत गेला आणि पुढे १९८५ मध्ये अंमलबजावणीचा कायदाही केंद्राने केला. पण दुकानाच्या फळीवर खरा फरक पडला तो १९७७ च्या आवेष्टित वस्तूंच्या नियमांनी. तोवर निरीक्षक दुकानातला काटा पाहत असे. आता तेलाचा डबा, बिस्किटाचा पुडा, साबणाची वडी हेही त्याच्या कक्षेत आले. उत्पादकाचे नाव-पत्ता, निव्वळ वजन, उत्पादनाचा किंवा पॅकिंगचा महिना-वर्ष, किंमत हे सगळे वेष्टनावर छापणे बंधनकारक झाले. पुढे १९९० मध्ये सर्व करांसह कमाल किरकोळ किंमत छापण्याचा नियम झाला. 'स्थानिक कर वेगळे' म्हणून मनाला येईल ती रक्कम लावण्याची वाट त्याने बंद केली.

या बदलांना लोकांतून बळ मिळाले, हेही नोंदवायला हवे. मुंबईत १९६६ मध्ये कन्झ्युमर गाइडन्स सोसायटी सुरू झाली होती. १९७४ मध्ये पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायतीची चळवळ उभारली. १९७५ च्या गुढीपाडव्याला मुंबई ग्राहक पंचायत स्थापन झाली. पाव किलोच्या पुड्यात पाव किलो आहे का, हे विचारणे म्हणजे भांडखोरपणा नव्हे, हे मध्यमवर्गीय घरांना या कार्यकर्त्यांनी शिकवले. कायदा कितीही चांगला असला तरी तक्रार करणारे माणूस नसेल तर निरीक्षकाचे हात तोकडे पडतात. महाराष्ट्रात तक्रार करणारी माणसे तयार झाली आणि त्याचा लाभ यंत्रणेला झाला.

पुढचे वळण तंत्राचे होते. दांडीचा तराजू आणि काउंटरवरचा दोन पारड्यांचा काटा मागे पडत गेला आणि त्याची जागा इलेक्ट्रॉनिक काट्याने घेतली. गुजरातेतल्या सावरकुंडल्यासारखी काट्यांची परंपरागत पेठही बदलली. दांडीच्या तराजूतली लबाडी डोळ्यांना दिसे. पारड्याखाली चिकटवलेली चिंच, एका बाजूला सरकवलेला काटा हे कुठल्याही अनुभवी गिऱ्हाइकाला ओळखता येई. इलेक्ट्रॉनिक काट्याच्या पोटात काय चालले आहे ते कोणालाच दिसत नाही. त्यामुळे शिक्क्याचे महत्त्व कमी होण्याऐवजी कैकपटींनी वाढले. निरीक्षकांना लोडसेल, सर्किट आणि कॅलिब्रेशन शिकावे लागले. रांचीच्या भारतीय वैध मापन शास्त्र संस्थेतले प्रशिक्षण या काळात खरोखर उपयोगी पडले.

काट्याच्या बाजूला चिकटवलेली पट्टी नीट वाचली तर त्या साधनाची सगळी ओळख तिथेच मिळते. उदाहरणार्थ, कमाल ३० किलो, किमान १०० ग्रॅम, पडताळणीचा टप्पा ५ ग्रॅम, लंबगोलात रोमन तीनचा आकडा म्हणजे व्यापारी वापराचा तिसरा वर्ग आणि नमुना मंजुरीचा क्रमांक. किमान १०० ग्रॅम याचा अर्थ त्याहून हलकी वस्तू या काट्यावर विकण्याजोगी अचूक मोजली जात नाही. म्हणून वेलची किंवा केशर मोजायला वाण्याने लहान काटा ठेवायचा असतो आणि सराफाला दुसऱ्या वर्गाचा, याहून कितीतरी बारीक काटा लागतो.

अशा काट्याची पडताळणी पाहण्यासारखी असते. आधी काटा सपाट पृष्ठावर ठेवून त्यातला पाण्याचा बुडबुडा मध्यावर आणला जातो. शून्य तपासले जाते. मग कमाल क्षमतेच्या एक-तृतीयांश, म्हणजे दहा किलोचे वजन पाटाच्या चारही कोपऱ्यांकडे आळीपाळीने ठेवून पाहतात. माल कोपऱ्यात ठेवला म्हणून वजन बदलता कामा नये. नंतर वजने चढवत नेतात आणि उतरवत आणतात. काट्याचा आकडा पाच-पाच ग्रॅमने उडी मारतो, मग पाचाच्या आतली चूक दिसणार कशी? त्यासाठी अर्ध्या-अर्ध्या ग्रॅमच्या चकत्या एकेक करून टाकतात आणि आकडा नेमका कोणत्या चकतीला पालटतो ते पाहतात. पडताळणीच्या वेळी अडीच किलोपर्यंत अडीच ग्रॅम, दहा किलोपर्यंत पाच ग्रॅम आणि त्यापुढे साडेसात ग्रॅम एवढीच चूक चालते. काटा यात बसला की झाकणाच्या स्क्रूतून तार ओवली जाते, गोळी पकडीत धरली जाते आणि पकड आवळली की शिक्का उमटतो. तार तोडल्याखेरीज आत हात घालता येत नाही. काट्याला ही परीक्षा दर बारा महिन्यांनी द्यावी लागते. लोखंडी वजनांना आणि साध्या तराजूला मुदत चोवीस महिन्यांची आहे. साठवण टाक्यांची फेरपडताळणी पाच वर्षांनी होते.

अडचणी या वाटचालीत कधीच कमी नव्हत्या. दुकानांच्या संख्येच्या मानाने निरीक्षक नेहमीच थोडे राहिले. एकाच निरीक्षकाकडे एकाहून अधिक तालुके, डोंगराळ भागातले आठवडी बाजार, वीस-वीस किलोंची वजने वाहायला पुरेशी वाहने नसणे, रिकामी पदे हे सगळे कर्मचाऱ्यांनी वर्षानुवर्षे सोसले. यावर उपाय म्हणून तालुक्याच्या गावी किंवा बाजार समितीच्या आवारात मुद्रांकन शिबिरे भरवण्याची पद्धत रुळली. व्यापाऱ्याने आपली साधने तिथे आणायची आणि निरीक्षकाने एका जागी बसून दिवसभरात ती उरकायची. अचानक तपासणी हा मात्र वेगळा भाग आहे आणि तो दुकानातच करावा लागतो.

उसाच्या वजनाचा प्रश्न महाराष्ट्रातला सर्वांत धगधगता. शेतकऱ्याच्या वर्षभराच्या श्रमाचे मोल कारखान्याच्या भुईकाट्यावरच्या काही सेकंदांत ठरते. काटामारीच्या तक्रारी गळीत हंगामागून हंगाम होत राहिल्या, शेतकरी संघटनांनी त्यावर आंदोलने केली. महसूल, पोलीस, सहकार आणि वैध मापन शास्त्र यांच्या प्रतिनिधींची भरारी पथके नेमली जाऊ लागली. भरलेला ट्रॅक्टर कारखान्याच्या काट्यावर तोलून पुन्हा बाहेरच्या काट्यावर तोलायचा, ही साधी रीत शेतकऱ्यांनीच रूढ केली आणि पथकांनीही ती स्वीकारली. हा प्रश्न पुरता मिटलेला नाही. पण कारखान्याच्या काट्याकडे बोट दाखवून त्याची तपासणी मागण्याचा शेतकऱ्याचा हक्क आज निर्विवाद झाला आहे, आणि त्याला आधार या यंत्रणेच्या अधिकाराचा आहे.

पेट्रोल पंपांनी आणखी एक धडा दिला. २०१७ मध्ये उत्तर प्रदेशात पंपांत चिप बसवून इंधन कमी देण्याचा प्रकार उघड झाला आणि त्याचे धागे पुढे महाराष्ट्रातही आले. ठाणे पोलिसांच्या गुन्हे शाखेने त्या वर्षी राज्यातल्या अनेक पंपांवर छापे घातले. लिटरचा आकडा मोजणारा पल्सर हा भाग लबाडीचे ठिकाण ठरला होता. तेव्हापासून सीलबंदीकडे अधिक बारकाईने पाहिले जाऊ लागले. पंपावर पाच लिटरचे मुद्रांकित माप ठेवणे बंधनकारक आहे आणि शंका आल्यास कोणीही ग्राहक त्या मापाने तपासून मागू शकतो. ही तरतूद जुनीच आहे, पण माप कपाटातून बाहेर काढायला लावणारे ग्राहक त्यानंतर वाढले.

कायद्याच्या बाजूने पुढचा टप्पा २००९ च्या वैध मापन शास्त्र अधिनियमाचा. तो १ एप्रिल २०११ पासून लागू झाला, १९७६ आणि १९८५ चे दोन्ही कायदे त्याने एकत्र केले आणि महाराष्ट्राने त्याखाली २०११ चे अंमलबजावणी नियम केले. यंत्रणेचे आजचे नाव याच काळात सर्वतोमुखी झाले. ती अन्न, नागरी पुरवठा व ग्राहक संरक्षण विभागाखाली काम करते. तिच्या प्रमुखाच्या, म्हणजे नियंत्रकाच्या, पदावर अलीकडच्या काळात अनेकदा भारतीय पोलीस सेवेतले वरिष्ठ अधिकारी राहिले आणि त्यांच्यामुळे तपासणीच्या मोहिमांना धार आली. एकाच वस्तूवर दोन ठिकाणी दोन कमाल किमती छापण्याचा प्रकार १ जानेवारी २०१८ पासून नियमाने बंद झाला. विमानतळ, चित्रपटगृह, मॉल यांत पाण्याच्या बाटलीचे भाव हा त्या काळी घराघरांतला विषय होता. डिसेंबर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हॉटेल-उपाहारगृहांच्या सेवेला छापील किमतीचे बंधन लागू होत नाही असा निर्णय दिला, आणि दुकानातली विक्री व टेबलावरची सेवा यांतली सीमा स्पष्ट झाली. यंत्रणेने ती सीमा पाळून दुकानांपुरते काम नेटाने चालू ठेवले.

या साऱ्या प्रवासात ज्यांचे हात लागले त्यांत निरीक्षक हा एकच नाही. पेटी उचलणारा शिपाई आहे. परवानाधारक दुरुस्तीवाला आहे. काटा उघडायचा अधिकार त्यालाच असतो आणि शिक्क्याआधी काटा नेमका करून देण्याची जबाबदारीही त्याचीच. लहान गावात याच्या एका खोलीच्या दुकानात तालुक्यातले निम्मे काटे येऊन जातात. बाजार समितीतले मापाडी आणि तोलणार आहेत. पोत्यामागून पोते तोलताना शेतकरी आणि अडत्या या दोघांच्या मधोमध उभे राहून आकडा पुकारण्याचे काम त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या केले. १९६९ च्या माथाडी कायद्याने त्यांच्या श्रमाला संरक्षण मिळाले, पण बाजाराच्या विश्वासाला त्यांनी दिलेले संरक्षण त्याहून जुने आहे. आणि असंख्य दुकानदार आहेत. मुदत संपण्याआधी स्वतःहून काटा घेऊन शिबिरात येणारा, रांगेत उभा राहणारा, प्रमाणपत्र फ्रेम करून लावणारा दुकानदार हा या यंत्रणेचा सर्वांत मोठा आणि सर्वांत कमी गौरवलेला भागीदार आहे.

गेल्या काही वर्षांत कामाची रीतही पालटली आहे. अर्ज, शुल्क आणि प्रमाणपत्र ऑनलाइन झाले. २०१३ च्या नियमांनी सरकारमान्य चाचणी केंद्रांना पडताळणीचे काही काम सोपवण्याचा मार्ग खुला झाला, त्यामुळे निरीक्षकांवरचा भार हलका होण्याची आशा आहे. राज्याची दुय्यम मानके ताडून घेण्यासाठी पूर्वी अहमदाबादची वाट धरावी लागे. आता प्रादेशिक संदर्भ प्रयोगशाळा नागपूरलाही आहे. २० मे २०१९ रोजी किलोग्रॅमची व्याख्या बदलली, धातूच्या दंडगोलाऐवजी ती प्लांकच्या स्थिरांकावर बांधली गेली. वाण्याच्या काट्यावर याने एका ग्रॅमचाही फरक पडला नाही, आणि पडू नये याचीच काळजी जगभरच्या प्रयोगशाळांनी घेतली होती.

मोजायच्या गोष्टी मात्र वाढत आहेत. रस्त्यावर वाहनांचा वेग मोजणाऱ्या रडार साधनांसाठी २०२५ मध्ये नियम आले. ज्या यंत्राच्या आकड्यावरून दंडाची पावती फाटते, तेही आधी पडताळणीला उभे राहिले पाहिजे आणि त्याच्यावरही शिक्का असला पाहिजे, हे त्या नियमांनी ठरवले. तपासणीची पेटी आता मंडईतून महामार्गावर निघाली आहे.